छातीच्या आधी दात

पुढच्या आठवड्यात ताईच्या हृदयाची झडप बदलायची आहे. त्यासाठी गावापासून इतक्या लांब आलो, तर इथं आधी दातांच्या डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं.

"दुखणं छातीत, आणि बघताय तोंडात!" ताई त्यांच्यावर डाफरली.

"किडक्या दातातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसतात, म्हणून तो दात आधी काढायचा," ते म्हणाले.

माझं डोकं तापलं. लहानपणी ताईचा घसा सुजायचा, मग सांधे धरायचे. आई हळदीचं दूध द्यायची. आरोग्य केंद्राला कुलूप असायचं. त्या दुखण्यानंच तिची झडप खराब झाली, हे इथं आल्यावर कळलं. घशातलं दुखणं हृदयापर्यंत पोचतं, हे गावातल्या एकाही भिंतीवर लिहिलेलं नव्हतं. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र भिंतभर!

"इथं भांडू नकोस रे," माझा चेहरा बघून ताई म्हणाली. "दात जाऊ दे. मी राहिले म्हणजे झालं."

तिनं माझा हात घट्ट धरला आणि तोंड उघडलं.