पण काय ते लिहून द्या

लोक माझ्या दुकानात शिरताना आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून घेतात. दारूचं दुकान नाही ते. अकोल्यातलं सरकारी स्वस्त औषधांचं दुकान आहे आणि ते मी चालवते. एक निवृत्त प्राध्यापक समोरच्या मोठ्या मेडिकलची पिशवी घरून घडी करून आणतात, माझ्याकडच्या शुगरच्या गोळ्या तिच्यात भरतात आणि ताठ मानेनं घरी जातात. सुरुवातीला मला हसू यायचं. आता संताप येतो. तेच औषध चौपट दरानं घेणारा छाती काढून चालणार आणि शहाणपणानं घेणारा चोरासारखा, ही कुठली रीत?

पण परक्यांचं काय घेऊन बसायचं! माझ्या सख्ख्या बापानं माझी गोळी घेतली नाही.

बाबा दर्यापूरजवळच्या एका खेड्यात शेती करतात. काळी जमीन, कापूस आणि सोयाबीन. कुणापुढं हात पसरायची वेळ त्यांनी येऊ दिली नाही. मला औषधांचं शिकायला अमरावतीला त्यांनीच पाठवलं. "पोरीले कायले पायजे दवाईचं शिक्षन?" म्हणणाऱ्या काकांना त्यांनीच गप्प केलं. पुढं बाबांना बीपी निघालं आणि अमरावतीच्याच राजापेठेतल्या डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली. रोज सकाळी एक, जन्मभर. चिठ्ठीवर कंपनीचं नाव होतं. तेच औषध, तेवढ्याच ताकदीचं, माझ्या दुकानात होतं. मी दर महिन्याला ते घरी पाठवू लागले. फोनवर विचारलं की बाबा म्हणायचे, "घेऊन राहिलो व बाई." मी निश्चिंत.

सहा महिन्यांनी एका रविवारी घरी गेले. आईला पापड हवे होते म्हणून फळीवरचा पत्र्याचा डबा काढला, तर त्यात माझ्या गोळ्या. सगळ्या. एकही फोडलेली नाही. बाबांच्या उशाशी डॉक्टरांच्या कंपनीची दहा गोळ्यांची स्ट्रिप होती. कधी आणली, असं आईला विचारलं. ती म्हणाली, पंधरा दिवस झाले. स्ट्रिपमध्ये तीन गोळ्या शिल्लक होत्या. यात काय चाललंय ते कळायला औषधांची पदविका लागत नाही.

"बाबा, एक दिवसाआड घेता तुमी?"

"महाग हाये ते. रोज थोडी परवडते?"

"मंग माही कावून नाई घेत?"

"तुही स्वस्त हाये ना व."

 महाग म्हणून रोज घेत नव्हते आणि स्वस्त म्हणून मुळीच घेत नव्हते. माझा असा तिळपापड झाला की डबा अंगणात भिरकावून द्यावासा वाटला. त्यांच्या म्हणण्याला आधार नव्हता असंही नाही. "मांगं येका जनानं स्वस्तातलं बियानं देल्लं होतं, आठवते?" ते म्हणाले. "अर्धं वावर उगवलंच नाई." आठवत होतं. दुबार पेरणीला मीही वाकले होते.

मग मी युरिया काढला. म्हटलं, युरियासाठी तुम्ही पहाटे रांगेत उभे राहता. गोणीवर कोणत्या कंपनीचं नाव आहे ते बघता का? सरकार त्यात पैसे घालतं म्हणून तो स्वस्त पडतो, तर पीक त्याला नाक मुरडतं का? मला वाटलं, आता बोलती बंद.

"युरिया मी वावराले देतो," बाबा म्हणाले. "मी काय वावर हाओ?"

आई पदर तोंडाला लावून हसली. मी हरले. पण बीपी मोजायचं यंत्र पिशवीत होतं ते काढलं, बाबांच्या दंडाला पट्टा बांधला आणि वरचा आकडा भलताच चढलेला बघून आईचं हसणं, माझं रागावणं सगळं थांबलं. मला शिकू नको म्हणणारे ते काका गेली दोन वर्षं खाटेवर आहेत. लकवा मारला, डावं अंग गेलं. त्यांनाही बीपीच होतं आणि तेही 'बरं वाटून राहिलं' म्हणत गोळी चुकवायचे. बाबा रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून येतात, तरी त्यांना ही दोन टोकं जोडता आली नव्हती. मला भीती वाटली. 

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन राजापेठेत डॉक्टरांपुढं बसले. म्हटलं, चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव लिहा. म्हणजे बाबा ते कुठूनही, माझ्या दुकानातूनही घेतील.

डॉक्टर हसले. "मॅडम, तुमच्या दुकानाची जाहिरात माझ्या चिठ्ठीवर कशाला? स्वस्तातलं द्यायचं तर द्या. जबाबदारी तुमची."

माझं डोकं सटकलं. "डॉक्टर, सहा महिने तुमच्या गोळीनं यांचं बीपी उतरलं नाही. कारण ती यांना परवडत नव्हती आणि निम्मे दिवस पोटात गेलीच नाही. ती जबाबदारी कुणाची?"

 बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं, आता मलाच गप्प बस म्हणतील; डॉक्टरपुढं आवाज चढवणं आमच्या घरात बसत नाही.

"डॉक्टरसायेब," बाबा म्हणाले, "मले येक सांगा. तुमच्या गोळीत अन् पोरीच्या गोळीत दवाई येकच हाये का येगयेगळी?"

"औषध तेच आहे काका, पण..."

"पन काय, ते लिहून द्या."

"म्हणजे?"

"चिठ्ठीवर लिहा. दवाई तेच हाये, पन. अन् पनच्या पुढं काय हाये ते बी लिहा. खाली सही करा. मी अकोल्याले जाऊन पोरीच्या दुकानात लावतो."

डॉक्टरांचं पेन कागदावर टेकून राहिलं. खरं सांगते, पणच्या पुढं काही असू शकतं हे मला ठाऊक होतं. गोळ्यांची एखादी खेप खराब निघते, माझ्याकडची तशी त्यांच्याकडचीही. ते त्यांनी लिहिलं असतं तर मी खाली मानेनं मान्य केलं असतं. त्यांनी तसलं काही लिहिलं नाही. औषधाचं मूळ नाव लिहिलं, कागद फाडून दिला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तेव्हापासून बाबा दर महिन्याला दर्यापूरहून एस.टी.नं अकोल्याला येतात. मी पाठवते म्हटलं तर ऐकत नाहीत. रांगेत उभे राहतात, मोठ्यानं गोळीचं नाव सांगतात आणि लेक म्हणून आधी द्यायला गेले तर खेकसतात.

परवा त्यांचा नंबर आला तेव्हा गोळी नव्हती. वरून मालच आला नव्हता. असं होतं, वर्षातून दोनदा, तीनदा होतं, आणि मी काउंटरमागं शरमेनं अर्धी होते.

"नाई म्हनजे?" बाबा म्हणाले. "काल शेवटची खाल्ली मी."

ते वळले, रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलमध्ये गेले आणि महागाची स्ट्रिप घेऊन आले. मी पाण्याची बाटली शोधेपर्यंत त्यांनी गोळी कोरडीच गिळली. "खाडा नाई पाडत आता," ते म्हणाले आणि बिल माझ्यापुढं आपटलं. "हे तुह्या वरच्या सायबाले धाड. आज माह्या खिशात पैसे होते. ह्या मांगच्या बाईनं काय करावं?"

त्यांच्या मागं भाजी विकणारी एक बाई रिकामी टोपली घेऊन उभी होती. तिलाही तीच गोळी हवी होती. मी माझ्या पर्समधून पैसे काढून तिच्यासाठी समोरून स्ट्रिप मागवली आणि वरच्या साहेबांना फोन लावला.

"चार दिवस थांबायला सांगा ना लोकांना, मॅडम," साहेब म्हणाले.

"लोक थांबतील, साहेब. लकवा थांबत नाही," मी म्हणाले. "माल मला उद्या पाहिजे."