झाकणाच्या कडेचा रंग

वर्गात रेडिओवरचा पाठ लागला होता आणि रेडिओ नुसता खरखरत होता. बाईंनी त्याला दोन चापट्या मारून पाहिल्या, मुलांनी फुकटचे सल्ले दिले. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिने मुकाट्याने पंखा बंद केला. खरखर थांबली.

"रेडिओ बिचारा चांगलाच आहे, बाई. खोडी पंखा काढतोय."

बाईंचं तिच्याकडे लक्ष गेलं ते तेव्हा. मुलांनी तिचं नावच 'खरखर' ठेवलं.

मोठेपणी तिने खोड्या पकडण्याचीच नोकरी धरली. विजेवरची उपकरणं विक्रीला जाण्याआधी तिच्या तपासणी केंद्रात येतात. बाहेरची एकही रेडिओलहर आत येऊ न देणारी, पत्र्याने मढवलेली तिची खोली. तिथे उपकरण चालू करायचं आणि ते शेजारच्या यंत्रांना किती छळेल, ते पडद्यावरच्या रेघेत बघायचं. रेघ मर्यादेच्या वर गेली की नापास.

इस्पितळात रोग्याला थेंबथेंब औषध देणारा पंप बनवणारे एक काका दोनदा नापास झाले होते. ही तिसरी खेप. आता प्रमाणपत्र मिळालं नाही, तर इस्पितळ पंप दुसरीकडून घेणार आणि काकांच्या कारखान्याला कुलूप लागणार. रेघ पुन्हा वर गेली.

"केसभर तर वर आहे, पोरी. कर की जरा काणाडोळा!"

"मी करीन हो, काका. पण शेजारच्या खाटेवरचं, हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र करेल का?"

"दगडाचं काळीज आहे तुझं."

"असेल. चहा घ्या."

काकांचा चहा निवत होता, तेवढ्यात तिने पंपाच्या डब्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. आरशासारखी गुळगुळीत!

"रंग कोणी दिला?"

काका खुलले. "मीच! तीन हात दिलेत. झाकणाच्या आतल्या कडेलासुद्धा."

"मग तिथंच घोडं पेंड खातंय. झाकणाचा पत्रा डब्याच्या पत्र्याला टेकतच नाही, मध्ये तुमचा रंग. त्या फटीतून सगळ्या लहरी बाहेर सांडतायत."

तपासणाऱ्याने उपकरणात फेरफार करायचा नाही, असा नियम होता. तिने नुसता पॉलिश पेपर पुढे केला. काकांनी तो स्वतःच्याच गालावर घासावा तसा कडेवरून फिरवला. पत्रा उघडा पडला, झाकण घट्ट बसलं, आणि रेघ खाली आली. मर्यादेच्या चांगली खाली. गार झालेला चहा काकांनी एका घोटात संपवला.

आज ती त्या केंद्राची प्रमुख आहे. नवा डबा रंगवायला घेण्याआधी काका अजूनही तिला फोन करतात.