म्यूट केलेलं लग्न

माझं पहिलं पैसे देणारं गिऱ्हाईक आज हयात नाही, आणि त्यांचा आवाजही आता कुठे उरलेला नाही. माणूस गेला त्यात माझा काही हात नव्हता. आवाज मात्र माझ्यामुळे गेला.

तेव्हा मी नुकतीच एडिटिंग शिकले होते. शिकले म्हणजे काय, तर पुलगावच्या आमच्या घरात मधल्या खोलीत बसून, फुकटचे व्हिडिओ बघून, चुका करत करत. बाबांचं हार्डवेअरचं दुकान. त्यांना वाटायचं, पोरगी कॉम्प्युटरवर पिक्चर बघत बसते. "दिवसभर त्या डब्यासमोर काय करून राह्यली वो?" असं ते रोज जेवताना विचारायचे आणि मी रोज चिडायचे. चिडणं मला चांगलं जमतं. गिऱ्हाईक मिळवणं काही केल्या जमत नव्हतं.

वर्ध्याच्या स्टुडिओंचे उंबरे झिजवले. एका मालकानं सॅम्पल म्हणून माझ्याकडून अख्खं बारसं एडिट करून घेतलं, "मस्त हाय, कळवतो" म्हणाला, आणि तेच काम स्वतःच्या नावानं इन्स्टाग्रामवर टाकून मोकळा झाला. दुसऱ्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या मागे बाप, भाऊ कोणी उभा आहे का, तेच बघत राहिला. तिसरा तेवढा भला निघाला. काम त्यानंही दिलं नाही, पण अक्कल दिली. म्हणाला, "लग्नाच्या व्हिडिओत माणसाईचा आवाज ठेवू नको. निस्ता गलका होते. सगळा आवाज उडव अन् गाणं टाक. लोकाईले तेच लागते." या वाक्याची मी खूणगाठ बांधली. नातेवाइकांची कामं तर येतच होती, पण घरच्या माणसांकडे पैसे मागणार कसे? ते आपले चहा पाजून, पाठ थोपटून जायचे.

मग काका आले. नात्यातले नव्हेत, बाबांच्या दुकानाचं गिऱ्हाईक. नाचणगावात त्यांची आटाचक्की होती. चक्कीचा पट्टा तुटला म्हणून बाबांच्या दुकानात आले आणि बोलता बोलता म्हणाले की पोरीचं लग्न झालं, पण शूटिंगवाल्याशी भांडण झालं आणि तो सगळं शूटिंग कच्चंच अंगावर टाकून गेला. बाबा पट्टा मोजता मोजता म्हणाले, "आमची पोट्टी करते म्हणते असं कायतरी." बाबांनी आयुष्यात माझी केलेली जाहिरात ती एवढीच.

दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेरूनच त्यांचा आवाज आला. वर्षानुवर्षं चक्कीच्या घरघरीवर ओरडून बोललेला माणूस. साधं पाणी मागितलं तरी शेजारची बाई खिडकीत येऊन बघायची.

"तूच का वो ते पिच्चर कापणारी?"

"हो काका, मीच."

"मंग कर बेटा. पण पैसे घ्या लागन बरं. मी कोणाले फुकट दळून देत नाई, अन् कोणाकडून फुकट करून घेत नाई."

मला रडू येतं की काय, असं झालं. तोपर्यंत माझ्या कामाला कोणी काम म्हटलंच नव्हतं.

शूटिंगवाल्यानं कार्डं रिकामी करून परत मागितली, म्हणून सगळं फुटेज माझ्या एकुलत्या एक हार्डडिस्कमध्ये उतरवून घेतलं. हेडफोन लावला आणि पहिल्याच क्लिपमध्ये काकांचा आवाज कानात असा घुसला की मी खुर्चीत उडालेच. हळद असो, मांडव असो, पंगत असो, जिथे तिथे काका. "अरे पाणी आणा रे!" "जेवल्याशिवाय जाजो नको बरं!" नवरीचे डोळे भरून आलेत, कॅमेरा अगदी जवळ गेलाय, आणि मागून काका कोणाला तरी विचारताहेत, "जिलबी आली का?"

आणि या सगळ्यांत एक हाक सारखी, मिनिटामिनिटाला. जुन्या वळणाचा माणूस, बायकोचं नाव घ्यायचे नाहीत. लॉनच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडायचे, "आयकलं काऽऽ!" शेवटचा 'का' लांब ओढलेला, वर चढलेला. एवढ्या गर्दीत, एवढ्या बायकांत एकच मान वळायची. काकूंची. हातात ताट असो की कोणाचं लेकरू असो, त्या झटकन वळायच्या आणि वळता वळता त्यांचा चेहरा उजळायचा. "आली, आली" असं ओठांवर यायचं.

आवाजानं माझं डोकं उठलं होतं, पण काकूंचं ते वळणं मला फार आवडलं. अख्ख्या लग्नात तेवढेच खरे चेहरे होते. बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. म्हणून मी काकूंचे ते सगळे शॉट निवडले. एकही सोडला नाही.

आवाजाचं काय करायचं, ते तर ठरलेलंच होतं. आई चहा घेऊन आली तेव्हा मी हेडफोन काढून आदळला. "कोणावर चिडली वो एवढी?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "या माणसाचा आवाज मी आता कायमचा बंद करते, बघ तू." हेच शब्द होते माझे. अंधश्रद्धा म्हणा, मूर्खपणा म्हणा, पण त्या वाक्यानं माझी कित्येक रात्रींची झोप उडवली आहे. सगळ्या क्लिप निवडल्या, आवाजाची पट्टी चित्रापासून तोडली आणि उडवली. एकदम शांत. मग गाणी लावली. काकूंची मान वळते तिथे बरोबर तबल्याचा ठेका आणला, आणि स्वतःवरच खूश झाले.

पेन ड्राइव्ह घेऊन नाचणगावला गेले. टीव्हीसमोर सगळं घर बसलं. पडद्यावर काका हातवारे करत तोंड उघडताहेत, मिटताहेत, आणि वर सनई. काका स्वतःच हसत सुटले. "अरे बाप्पा, मी तं मुका झालो यात!" सगळ्यात जास्त काकू हसल्या. म्हणाल्या, "बरं झालं बाई! घरात नाई तं टीव्हीत तरी शांती!" काकांनी पैसे पाकिटात घालून दिले, वर नारळ दिला, आणि काकूंनी मला कुंकू लावलं. पुलगावापर्यंत मी स्कूटीवर मोठमोठ्यानं गात आले.

पुढची गिऱ्हाइकं मला शोधावी लागलीच नाहीत. दळणाचे डबे घेऊन चक्कीवर जो येईल त्याला काका ते लग्न ऐकवायचे. "हार्डवेअरवाल्याची पोट्टी हाय, असा पिच्चर करते का पाहतच राहा." देवळीचं एक लग्न त्यांनीच पाठवलं, एका मास्तरांचा निरोप समारंभ त्यांनीच. माझा व्यवसाय त्या माणसाच्या घशावर उभा राहिला, आणि मी तोच घसा दाबला होता. तेव्हा हे सुचलंही नाही. तेव्हा मी हवेत होते.

देवळीच्या लग्नाचं फुटेज आलं तेव्हा हार्डडिस्कमध्ये जागा नव्हती. मी काकांचं कच्चं फुटेज पुसलं. पिक्चर तर देऊन झाला होता, आता त्या कचऱ्याचं काय करायचं? एक फोन करून विचारलं नाही. एक फोन करायला काय हात मोडले होते माझे? पण नाही विचारलं. आणि काकांनीच पाठवलेलं लग्न काकांच्या आवाजावर उतरवून ठेवलं.

वर्षही झालं नसेल. काकांच्या छातीत दुखलं, सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं, दोन दिवसांत गेले. बाबांसोबत मी मातीला गेले. चक्की बंद होती. त्या घरात एवढी शांतता असू शकते, हे मला माहीत नव्हतं. बाहेर आले आणि चप्पल शोधायचं सोडून तशीच उभी राहिले.

तेरवीनंतर काकूंचा फोन आला.

"बाई, चक्कीवाली काकू बोलते. तुले येळ हाय का?"

"बोला नं काकू."

"मी तो पिच्चर रोज पायते. त्यात मी सारखी वळून पायते नं, तवा तेच बोलावतात मले. पण आवाजच नाई. मी आपली वळतेच हावो, वळतेच हावो, अन् कोणीच बोलावत नाई." मग म्हणाल्या, "तेवढं गाणं काढून देतं का? दुसरं काई नको. एकच डाव 'आयकलं का' भेटलं तरी पुरे. त्याईचा फोन तं बटनाचा होता, त्यात काईच नाई. जावयाच्या मोबाइलात हाय लग्न, पण बँडच वाजते."

मला माहीत होतं की काही उरलेलं नाही. पक्कं माहीत होतं. तरी मी म्हणाले, "पाहते काकू."

का म्हणाले? घाबरले म्हणून. दुसरं काही कारण नाही.

मग सुरू झालं ते अजून संपलेलं नाही. पुसलेल्या फाइली परत आणणारं सॉफ्टवेअर चालवलं. देवळीचं लग्न आलं, मास्तरांचा निरोप आला, काकांच्या लॉनमधली फक्त एक तुटकी क्लिप आली. जीव मुठीत धरून ती लावली, तर त्यात जनरेटर घरघरत होता. नागपूरला एकाकडे डिस्क घेऊन गेले. त्यानं दोन दिवस ठेवली आणि मान हलवून परत दिली. इकडे दर दोन-चार दिवसांनी काकूंचा फोन. "भेटलं का वो?" "पाहून राह्यली काकू, थोडा वेळ लागन." मला स्वतःची किळस यायला लागली होती.

काम करायला बसले की आणखी वाईट. कोणत्याही लग्नाचा आवाज बंद केला की मला फक्त माना दिसायच्या. कोणीतरी वळतंय, कोणीतरी हसून मागे बघतंय, आणि हाक नाही. प्रत्येक लग्नात असतात त्या. आधी कधी दिसल्याच नव्हत्या. आणि रिकाम्या हेडफोनमध्ये काकांची हाक स्पष्ट यायची, तो चढत जाणारा 'का' तर इतका खरा की दोनदा मी उठून फाटकापर्यंत जाऊन आले. जगात कुठे नव्हती ती हाक, फक्त माझ्या कानात होती. एडिट करताना शे-दीडशे वेळा ऐकली होती ना, शिव्या घालत घालत.

शेवटी एका दुपारी नाचणगावला गेले. काकू एकट्याच होत्या, त्यांचा मुलगा शेतात गेला होता. बसायच्या आतच मी सांगून टाकलं. की पुसलं, की तेव्हाच पुसलं, की इतके दिवस खोटं बोलले. काकू चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला चिडलेल्या माणसाशी वागता येतं. त्या नुसत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

मग म्हणाल्या, "तू आयकलं असशीन नं मंग? कापतानी?"

"हो. लय वेळा."

"तुले याद हाय, कसे म्हणत?"

"हाव."

"मंग म्हणून दाखव."

मी नको म्हणाले. "काकू, असं कसं," म्हणाले, "मला नाही जमणार," म्हणाले. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि माझ्याकडे पाठ करून ओट्याशी उभ्या राहिल्या. "म्हण," एवढंच. मी घसा खाकरला आणि म्हटलं. त्या हलल्या नाहीत. "त्याईचा 'का' लंबा होता," म्हणाल्या. पुन्हा म्हटलं. "जोरात. चक्की चालू हाय असं समज." मग मी डोळे मिटले, कानात होतं तसं, तेवढ्याच जोरात, तेवढंच चढवून ओरडले, "आयकलं काऽऽ!"

त्या वळल्या. झटकन. चेहरा तोच, व्हिडिओतला. "आली, आ..." इतकं तोंडून निघालं, आणि मग त्यांना दारात मी दिसले.

दोघी खूप रडलो. निघताना त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "लय उपकार केले बाई." परत येताना मला हलकं वाटलं, हे कबूल करते. वाटलं, चला, घेतलेलं थोडंफार तरी परत दिलं.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज शांत होता, जरा लाजल्यासारखा.

"बाई, रागावू नको. तुयी काई चूक नाई, मीच म्हण म्हटलं. पण काय होऊन राह्यलं, आधी डोळे मिटले का मले त्याईचा आवाज येत होता. बारीक येत होता, पण त्याईचा होता. आता तुया येते. कितीही आठवलं तरी तुयाच येते." मग म्हणाल्या, "तुले तं आवाज कापता येते नं? हा कसा काढू, सांग."