स्टुलावरचा रुमाल

सिंगापूरला छपराखालच्या एका मोठ्या खाऊगल्लीत आमची सहलीची मंडळी जेवायला शिरली. एका रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचं छोटंसं पाकीट होतं. आमच्यातल्या नलूताईंनी ते खुशाल पर्समध्ये टाकलं. “कुणीतरी विसरलंय. बसा काकू.” मीही बसले, खोटं कशाला सांगू.

थोड्या वेळानं एक चिनी आजीबाई वाफाळता वाडगा दोन्ही हातांत धरून आल्या आणि पाकिटाच्या जागेकडे नुसत्या बघत उभ्या राहिल्या. शेजारच्या टेबलावरची तमिळ बाई मला सोप्या इंग्रजीत म्हणाली, “पाकीट ठेवलं म्हणजे जागा धरली. चिनी, मलायी, आम्ही, सगळेच पाळतो.”

“कागदाला कोण विचारतंय,” नलूताई पुटपुटल्या.

तेव्हा माझं डोकं फिरलं. अहो, एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकणारी माणसं आपण. त्यावर कुणी बसलं तर सगळा स्टँड डोक्यावर घेतो. आणि इथे इतक्या भाषांची माणसं न भांडता जी खूण पाळतात, ती आपल्याला कळू नये? कळत होती हो. दुसऱ्याचा रुमाल आपल्याला रुमालच वाटत नाही, एवढंच.

मी उठले. “काढा ते पर्समधून,” म्हटलं, आणि पाकीट होतं तिथे ठेवलं.

आजीबाई बसल्या. पाकिटातला एक रुमाल काढून त्यांनी शेजारच्या स्टुलावर ठेवला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. माझी जागा धरली होती त्यांनी.