पहिल्या पाण्याचा मान

गाणगापुरात आमच्या गल्लीच्या नळाला हल्ली आठवड्यातून एकदाच पाणी येतं आणि त्या दिवशी गल्लीला लग्नघराची कळा चढते. घागरी, कळशा, बादल्या, रंगाचे रिकामे डबे, सगळं वऱ्हाड रस्त्यावर. नळ नेमका आमच्या दारासमोर, त्यामुळे पहिला नंबर कायमचा माझ्या सासूबाईंचा. मी त्यांना आत्याबाई म्हणते. दर्शनाला येणाऱ्यांसाठी आमच्या घरी खोल्या आणि जेवणाची सोय आहे, आणि आत्याबाईंचा नेम असा की पहिलं पाणी पाहुण्याचं. नळाने खाकरून, फुसफुसून टाकलेली पहिली कळशी थेट पाहुण्यांच्या माठात जायची. आम्ही घरचे नंतरचं प्यायचो.

आत्याबाईंचं दुसरं वेड म्हणजे भरली वांगी. सांगलीकडच्या एक काकू वर्षानुवर्षं आमच्याकडेच उतरतात, त्या याच वांग्यांसाठी. पण अलीकडे काकू आणि त्यांचे यजमान आमच्याकडे जेवले की दुसऱ्या दिवशी देवळाऐवजी संडासाच्या वाऱ्या करू लागले. तीच वांगी हाणून आम्ही मात्र ठणठणीत. शेवटी काकूंचा फोन आला. "पौर्णिमेला येतोय, खोली ठेवा. जेवायचं तेवढं बाहेर बघू. तुम्हाला तिखटाची सवय आहे, आम्हाला नाही सोसत."

फोन ठेवून आत्याबाई ज्या बसल्या त्या उठेचनात. त्यांच्या हाताची अब्रू गेली होती. दुसऱ्या दिवसापासून घरात मिरची बंद. वांगं पांढरं, आमटी फिकी, चटणी म्हणजे नुसता शेंगदाण्याचा भुगा. मामंजी शेजारी पेपर वाचायला जायचे आणि नाक पुसत, ओठ लाल करून परत यायचे. मला हसू आवरायचं नाही, पण आत्याबाईंचं तोंड पाहिलं की तेच फिकं वांगं मी पुन्हा वाढून घ्यायची.

लग्नाआधी मी उदगीरला एका दूध डेअरीत कामाला होते. पाइप नीट धुतले जातात की नाही एवढंच बघायचं. ओला पाइप नुसता पडून राहिला की म्हशीच्या हौदासारखा आतून बुळबुळीत थर धरतो, म्हणून आधी तो धुऊन काढल्याशिवाय आम्ही दूध सोडत नसू. एक दिवस वांगी चिरताना हे डोक्यात आलं आणि मी विळी सोडून उठलेच. आमचा नळही आठवडाभर ओलाच पडून असतो की. आत थर धरतो, त्यात जंतू घर करतात, कुठे चीर असेल तर गटारातलंही आत ओढलं जातं. मग पाणी जोरात सुटलं की हा सगळा ऐवज खरवडून पहिल्या कळशीत उतरतो, आणि ती कळशी आम्ही मोठ्या प्रेमाने पाहुण्यांना देतो.

पुढच्या खेपेला मी पहिल्या धारेची एक बाटली भरली आणि बराच वेळ पाणी वाहिल्यावर दुसरी. सकाळी पहिलीच्या तळाशी तपकिरी गाळ बसला होता, दुसरी मात्र नितळ होती. तो गाळ ताटलीत ओतला. आत्याबाईंनी बोट फिरवलं.

"शी गं, बुळबुळायलंय की. आन् हे मी काकूला पाजायले होते?"

"व्हय, आत्याबाई. मानानं."

त्यांनी कपाळावर हात मारला. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे माझ्या वांग्याचा दोष न्हाई?"

"जंतू काय डोळ्याला दिसत न्हाईत. पण मला तर पाण्याचाच संशय हाय."

संशय हा शब्द त्यांनी ऐकलाच नाही. पदर खोचून त्या गल्लीभर वांग्याची सुटका सांगत फिरल्या. त्या दिवशीच्या आमटीने आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी काढलं आणि मामंजींनी दोनदा मागून घेतली.

खरी मजा पुढच्या पाण्याला. नळ खाकरला आणि कुणी पुढे सरकेना. नंबरासाठी एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरणाऱ्या बाया मऊसूत झाल्या होत्या. "अक्का, तुम्ही मोठ्या, आधी तुम्ही." "छे बाई, तुमच्याकडं पाव्हणे हायत." शेवटी आत्याबाईंनीच बादली लावली आणि रस्त्यावर उपडी केली.

"पाणी कामून सांडायलीस?" समोरचे अण्णा ओट्यावरून गरजले.

"सांडायले न्हाई अण्णा, सडा घालायले."

मग सगळ्यांनीच सडे घातले. पहिलं पाणी सड्याला आणि संडासाला, नंतरचं प्यायला, तेही उकळून, असं ठरलं. हसून हसून मला नळापाशीच बसावं लागलं.

पौर्णिमेला काकू आल्या. आत्याबाईंनी त्यांना बळेच पाटावर बसवलं, ताटात लालभडक वांगं वाढलं आणि सरळ सांगून टाकलं. "काकू, तुम्हाला वांगं बाधलं न्हाई. माझा मान बाधला. नळाचं पहिलं पाणी मी मुद्दाम तुम्हाला द्यायची." पाइपात काय साठतं तेही त्यांनी माझ्यापेक्षा रंगवून सांगितलं.

मला वाटलं, काकू आता चिडणार. त्यांनी उचललेला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाल्या, "आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं. पहिला तांब्या मी नातीला देते. ताजं असतं म्हणून. सारखी आजारी असते ती."

आत्याबाईंनी डाव बाजूला ठेवला. काकू उष्ट्या हाताने उठल्या, डाव्या हाताने फोन लावला आणि अंगणात जाऊन सुनेशी बराच वेळ बोलल्या. परत आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. पाटावर बसून त्यांनी ताट पुढे सरकवलं.

"वाढा अजून एक," त्या म्हणाल्या. "आणि ते पाइपाचं पुन्हा एकदा नीट सांगा. मला घरी जाऊन सांगायचंय."