शांतावहिनीचं बुटकं जांभूळ

शांतावहिनीशी, माझ्या थोरल्या भावाच्या बायकोशी, माझं शेवटचं बोलणं झालं ते खोटं होतं. दिवाळी नुकतीच सरली होती. बुलढाण्याच्या दवाखान्यात ती उशीला टेकून बसलेली, दादा औषधं आणायला खाली गेलेला. मला पाहताच तिनं विचारलं, "भाऊजी, वावरात जाऊन आले का? माह्या कलमाचं काय?" मी गेलोच नव्हतो. शाळा, पेपर तपासणं... कारणं पुष्कळ होती. पण तिचा उतरलेला चेहरा पाहून तोंडातून निघून गेलं, "वहिनी, मोहर आला न कलमाले! पुरं लगडलं." ती दम लागेपर्यंत हसली. "दिवाळीत जांभळाले मोहर? मास्तर, पोट्ट्याइले काय शिकोता हो तुमी?" त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. ती गेली होती. आपण झाडाकडे गेलो नाही आणि मरणाऱ्या माणसाला वर बनवून सांगितलं, हे तेव्हापासून मला सलतं आहे.

मोताळ्याहून रोहिणखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर दादा-वहिनीची छोटी रोपवाटिका आहे. कलम बांधायला लागणारी साधी रोपं, म्हणजे खुंट, ते बियांपासून वाढवत. एका पावसाळ्यात जांभळाच्या रोपांतलं एक रोप खुजंच राहिलं. आखूड पेरं, पानाला पान चिकटलेलं. असली रोपं उपटून फेकायची रीतच असते, दादानंही फेकलं. वहिनीनं ते उकिरड्यावरून उचलून विहिरीजवळच्या मुरमाड जागेत लावलं. दादा चिडला, तर म्हणाली, "राहीन एका कोपऱ्यात. तुमाले काय खायाले मांगून राह्यलं का ते?" पुढे काही वर्षांनी कमरेएवढ्या त्या झाडाला जांभळं लागली, मोठी आणि गोड. वहिनी खाली बसून ती तोडायची. तिचा भाऊ लहानपणी जांभळाची फांदी मोडून पडला आणि कायमचा लंगडा झाला. तेव्हापासून तिच्या माहेरी जांभूळ कुणी आणत नसे. त्या वर्षी तिनं भावाला बोलावलं आणि त्याच्या हातानं पहिलं फळ तोडवलं.

मी हुरळून गेलो. नवी जात सापडली म्हणून स्वतः पाटी रंगवली, 'शांता जांभूळ', आणि रोपवाटिकेच्या फाटकावर लावली. वहिनीनं ती दुपारपर्यंतही ठेवली नाही. "मुरमात उपाशी ठेवलं तं कोनीबी बुटकं राह्यते, भाऊजी. काळ्या मातीत पोटभर खाऊन बुटकं राह्यलं, आन् हाताले येईन असं फळलं, तं मंग पाटी लावा." तिनं त्या झाडाच्या काड्या साध्या खुंटांवर बांधल्या. पहिल्या वर्षीच्या सगळ्या वाळल्या, दुसऱ्या वर्षीची एक जगली. ती तिनं आमच्या वावरातल्या काळ्या मातीत लावली. मग वाट पाहणं. लोक कलमं मागायला येत, ती चहा पाजून परत पाठवी. मी गेलो की मला कलमाशेजारी उभं करी, "खांद्याच्या वर गेलं का? नाई न?" आणि समाधानानं कामाला लागे.

तेरवी झाल्यावर मी आणि दादा वावरात गेलो. श्रावणापासून तिच्या दुखण्यात तिकडे कुणाचं जाणं झालं नव्हतं. कलम लांबूनच दिसलं आणि माझे पाय थांबले. एक सरळ, जोमदार फांदी माझ्या डोक्याच्याही वर गेली होती. म्हणजे ते साधंच जांभूळ होतं... एवढ्या वर्षांची तिची आशा खोटी होती, विहिरीजवळचं झाड मुरमामुळेच बुटकं राहिलं होतं. मनात आलं, बरं झालं, हे पाहायला ती नाही. आणि तसं वाटल्याची लाज वाटली.

दादानं खाली बसून गवत बाजूला केलं आणि ती फांदी हातानं चाचपत बुडापर्यंत गेला. "हे पाह्य. सांध्याच्या खालून फुटलं हाय. खुंटाचं हाय बे हे, तिचं नाई." कलमाच्या जोडाखालून साध्या खुंटाला फुटवे येतात. ते मोडले नाहीत, तर तेच सगळं अन्न ओढून घेतात. वहिनी येता-जाता अंगठ्यानं ते कोवळे असतानाच खुडायची. आम्ही कधी लक्षच दिलं नव्हतं. त्या उंच फांदीच्या आडोशाला तिचं जांभूळ होतं. गर्द, आखूड पेरांचं, माझ्या छातीएवढं.

दादानं कात्री काढली आणि माझ्यापुढे धरली. फांदी मी कापली.

आता दर रविवारी मी वावरात जातो. जोडाखाली लालसर कोंब दिसले, की अंगठ्यानं खुडतो. बोटाला तुरट वास राहतो. परवा एक ओळखीचे गृहस्थ कलम मागायला आले, तिची आठवण म्हणून तरी द्या म्हणाले. मी त्यांना चहा पाजला आणि खरं तेच सांगितलं... मोहर अजून आलेला नाही.