गोठ्यात मावणारा ट्रॅक्टर

परतवाड्यापासून अकोल्यापर्यंत विकायला उभ्या असलेल्या प्रत्येक छोट्या ट्रॅक्टरला माझ्या मामांनी एकदा तरी थोपटलेलं आहे. खोटं वाटत असेल तर कुठल्याही शोरूममध्ये जाऊन विचारा. कासरा घेऊन येणारे मामा म्हटलं की तिथली माणसं आधी हसतील आणि मग चहा मागवतील. त्या सगळ्या चहांना मी हजर होते. माहितीपत्रकं इंग्रजीत असतात आणि मी इंग्रजी शाळेत शिकले, एवढ्या कारणावर मामा मला अकोल्याहून घेऊन जात आणि "ह्या आमच्या भाचीबाई, इंजिनियर" अशी ओळख करून देत. मी कॉमर्सची. पण चार लोकांत तोंड उघडणं मला जमत नाही, त्यामुळे मी इंजिनियरच राहिले.

मामांचं परतवाड्याजवळ लहानसं वावर आहे आणि त्यात ते गवत पिकवतात. फक्त गवत. सगळा गाव कापूस, तूर, संत्रा करत असताना मामा गवत पेरतात, फुलोऱ्यावर यायच्या आत कापतात, उन्हात उलटंपालटं करून वाळवतात आणि गठ्ठे बांधून दूधवाल्यांना देतात. "गवत तं आपोआप येते, त्याची काय शेती?" असं कोणी म्हटलं की मामा खिशातून मूठभर वाळलेलं गवत काढून त्याच्या नाकाखाली धरतात. "वास घे. असा आपोआप येते काय?" लग्नाच्या पंगतीतही त्यांच्या खिशात गवत असतं. मामीनं ते कितीदा धुतलं असेल, तिलाच ठाऊक.

हे सगळं जमादार आणि हवालदार या बैलजोडीच्या जिवावर चालायचं. गेल्या उन्हाळ्यात जमादार गेला. हवालदार म्हातारा, एकट्याच्यानं गाडी ओढवेना, आणि जोडीदाराच्या रिकाम्या जागेकडे पाहत तो चाराही अर्धाच खाऊ लागला. ट्रॅक्टर घ्यावाच लागणार होता. मामीचंही म्हणणं तेच, फक्त त्याला एक शेपूट होतं. घरात, पडवीत, जिन्याखाली, सगळीकडे गवताचे गठ्ठे. रिकामी जागा म्हणजे एकटा गोठा. "ट्रॅक्टर काही मी पावसात ठेवू देणार नाही," मामी म्हणाली. "तो गोठ्यात राहीन अन् हवालदार जाईन गोरक्षणात. शेण काढू काढू माह्ये गुडघे गेले."  मामांनी उठून जमादाराचा कासरा काढला, गोठ्यातली जमादाराची जागा त्या कासऱ्यानं लांबी-रुंदीला मोजली आणि दोन्ही मापांवर गाठी मारल्या. मामीशी ठरलं, या गाठींत बसेल असा ट्रॅक्टर मिळाला तर हवालदार राहणार, नाही तर जाणार.

आणि मग सुरू झाली आमची स्वारी! परतवाडा झाला, अमरावती झाली, अकोल्यात तर मोर्णा नदीच्या दोन्ही काठांना आम्ही फिरलो. विक्रेता अश्वशक्ती सांगू लागला की मामा ट्रॅक्टरच्या मागं जाऊन उभे राहत. बैल बाजारात आधी मागून पाहतात, उभा कसा राहतो ते. नंतर पाठीवर हात फिरवायचा. नंतर चालवून पाहायचा, स्वतः बाजूनं चालत.

"याची खोड काय?" मामा विचारत.

"मामाजी, नव्या गाडीला खोड कशी असणार?"

"बैलाले खोड राह्यते, माणसाले राह्यते. तुह्याच गाडीले नाही? लपवून राहिला काय रे?"

अमरावतीला तर एक विक्रेता इतका हैराण झाला की शेवटी त्यानं कबूल केलं, "सकाळी जरा उशिरा सुरू होते." मामा खूश. "हे खरं बोलला!" मग कासरा निघे, आणि एक ना एक गाठ नेमकी चाकाच्या आतच पडे. गवत कापायचं यंत्र मागं जोडता येतं का, डिझेल किती पितो, हे मी माहितीपत्रकात शोधून हळूच सांगायची. मामा मान डोलवत आणि कासरा गुंडाळत बाहेर पडत.

अकोल्यातल्या शेवटच्या शोरूममध्ये एक लाल, आखूड ट्रॅक्टर कोपऱ्यात उभा होता. मामांनी कासरा लावला. दोन्ही गाठी चाकांच्या बाहेर आल्या, चांगल्या चार बोटं! "बसला!" मामा एवढ्यानं ओरडले की रस्त्यावरचा ऑटोवाला थांबला. मी टाळ्या वाजवल्या. चारचौघांत, मी!

ट्रॅक्टर आला त्या दिवशी निम्मा गाव अंगणात होता. मामीनं ओवाळलं, कुंकू लावलं. मामा स्वतः चढून बसले आणि त्याला दिमाखात गोठ्याकडे नेलं. चाकं दारातून अगदी मापात गेली. आणि खण्णकन आवाज झाला. उभा सायलेन्सर गोठ्याच्या आडव्या लाकडाला अडला होता.

"मान खाली घाल ना रे!" मामा ट्रॅक्टरवर ओरडले.

अंगणभर हसू फुटलं. मामांनी लांबी मोजली होती, रुंदी मोजली होती. उंची मोजायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं, कारण आजवर त्या दारातून जो आत गेला तो आपण होऊन मान वाकवून गेला.

"लाकूड कापून टाका," शेजारी म्हणाले. पण सगळं छप्पर त्याच लाकडावर. मामी हवालदाराकडे पाहत होती, म्हणजे गोरक्षण आलंच. मामा खाली उतरून गव्हाणीच्या काठावर बसले.

"उलटा घाला ना, मामा," मी म्हणाले. कोणी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हणाले, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पाठमोरा. सायलेन्सर पुढं आहे, तो बाहेरच राहील."

मामा उभे राहिले. "म्या सांगतलं होतं ना, इंजिनियर हाये म्हणून!"

ट्रॅक्टर पाठमोरा आत गेला, नाक तेवढं दाराबाहेर. नाकावर पाऊस पडू नये म्हणून मामांनी दुसऱ्याच दिवशी दारापुढं टिनांचं छप्पर ठोकलं. आणि मग हवालदारालाही वळवून दाराकडे तोंड करून बांधलं, त्याची गव्हाणसुद्धा हलवली. "एकाचं तोंड आत अन् एकाचं बाहेर, ही काय जोडी झाली?" मामा म्हणाले. संध्याकाळी मामीनंच दोघांसमोर दिवा ठेवला.

दिवसभराचं काम करून आलेलं इंजिन बराच वेळ ऊबदार राहतं. थंडीत हवालदार त्याच्या चाकाला पाठ टेकून बसतो, असं मामा सांगतात. चाराही पुरा खातो. आता मी अकोल्याहून फोन करते तेव्हा मामा म्हणतात, "दोघंही जेवले." एक डिझेल, एक गवत. हवालदाराच्या वयाचं आम्ही बोलत नाही. मी कोणाचं नाव घेऊन विचारत नाही; "दोघं कसे आहेत?" एवढंच विचारते, आणि मामांचं उत्तर येईपर्यंत फोन कानाशी जरा घट्ट धरते.